योइची प्यायची कशी, घ्यायची कुठली, आणि तिकडे गेलातच तर बघायचं काय

योइची म्हणजे जपानच्या निक्का कंपनीची व्हिस्की, योइची गावातल्या डिस्टिलरीत बनते. तिची अख्खी बाटली एकदम घेऊ नका. आधी एखाद्या बऱ्यापैकी बारमध्ये थर्टी (तीस मिलीचा पेग) मागवा, बर्फ टाकू नका म्हणून बजावून सांगा, बाजूला साध्या पाण्याचा ग्लास ठेवा आणि त्या थर्टीला निवांत वीसेक मिनिटं द्या. आवडली तर पुढचं वाचा. नाही आवडली तरी काही बिघडत नाही, कारण ही व्हिस्की सगळ्यांच्या गळ्याखाली अलगद उतरावी अशा हिशोबाने कोणी बनवलेलीच नाहीये. जपानी व्हिस्की म्हणजे नाजूक, गोडसर, फुलांच्या वासाची असं जे आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय त्यात योइची कुठेच बसत नाही. हिच्यात धूर आहे, मीठ आहे, थोडं करपलेलंही आहे, आणि ते तसं का आहे हे एकदा कळलं की पाणी किती घालायचं, कुठल्या बाटलीला पैसे द्यायचे, डिस्टिलरीत गेलात तर कुठे रेंगाळायचं हे सगळं आपोआप सुटत जातं. म्हणून इथे इतिहास मध्येमध्ये येत राहणार. नुसती खरेदीची यादीच हवी असेल तर ती एका ओळीत संपते: लेबलवर वय न लिहिलेली साधी योइची घ्या, जमलं तर सोबत तिची बहीण मियागिक्यो घ्या, बाकीच्याच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावू नका.

आधी वास, मग घोट

ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता असा हवा. तसला नसेल तर वाइनचा छोटा ग्लास चालतो. जाड बुडाचा रुंद ग्लास सिनेमात छान दिसतो पण त्यात वास टिकत नाही. योइची ४५ टक्क्यांची असते, आपल्याकडच्या नेहमीच्या ४२.८ पेक्षा थोडी चढी, त्यामुळे नाक एकदम आत खुपसलंत तर नुसता अल्कोहोलचा झणका लागेल आणि पुढची पाच मिनिटं काही कळणार नाही. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू वर आणा. आधी बहुतेकांना गोड बाजू लागते, व्हॅनिला, संत्र्याची साल, पिकलं सफरचंद असं काहीतरी. धूर मागून येतो. हा धूर स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या व्हिस्क्यांसारखा दवाखान्याच्या वासाचा नसतो, कोरडा असतो, विझत आलेल्या शेकोटीच्या अंगाचा.

मग छोटा घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळा आणि थांबा. थांबणं महत्त्वाचं. योइचीचं अंग जड आहे, तेलकट म्हणावं इतपत, आणि शेवटी जिभेच्या कडांना खारटपणा आणि काहीतरी भाजल्या-करपल्यासारखं राहतं. ते जाणवलं की समजा योइची भेटली.

आता पाणी. चमच्याने चार थेंब घाला, परत वास घ्या, परत चार थेंब. प्रत्येक वेळी काहीतरी पुढे येतं आणि काहीतरी मागे जातं. धूर पटकन हटत नाही पण फळं मोकळी होतात. आणि एकदा तरी जितकी व्हिस्की तितकंच पाणी, दोन्ही खोलीच्या तापमानाला, बर्फाशिवाय, असं करून बघा. ह्याला जपानमध्ये ट्वाइस अप म्हणतात. ऐकायला पाणचट वाटतं, पण ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळी पिंपं चाखून मिसळणारे लोक, नमुने साधारण असेच पातळ करून तपासतात, कारण अल्कोहोलचा चटका गेला की लपलेले दोष आणि गुण दोन्ही उघडे पडतात.

आणि हे सगळं एकट्या योइचीवर करण्यापेक्षा शेजारी मियागिक्योचा ग्लास ठेवून केलंत तर डोक्यात लख्ख प्रकाश पडेल. दोन्ही निक्काच्याच, दोन्ही सिंगल मॉल्ट (एकाच डिस्टिलरीत, नुसत्या मॉल्टपासून म्हणजे मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या), दोन्ही ४५ टक्के, मालक एक, आणि चव बघाल तर दोन टोकं. मियागिक्यो हलकी, फळांची, मऊ. का ते पुढे सांगतो, आधी ज्याने हे सगळं उभं केलं त्याची गोष्ट.

हा माणूस इतक्या लांब गेलाच का

निक्का काढणारा मासाताका ताकेत्सुरू, जन्म १८९४, हिरोशिमाजवळचं ताकेहारा गाव, घरी पिढीजात साके बनवायचा धंदा. हा शिकला ओसाकात, नोकरीला लागला सेत्सु शुझो नावाच्या कंपनीत, आणि कंपनीने १९१८ मध्ये त्याला स्कॉटलंडला धाडलं, खरी व्हिस्की कशी करतात ते शिकून ये म्हणून. तोवर जपानमध्ये व्हिस्की म्हणून जे विकलं जायचं ते बरंचसं नुसत्या स्पिरिटला रंग आणि वास लावून केलेलं असायचं. (आपण हसायला नको, आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त बाटल्यांत आजही मळीचंच स्पिरिट असतं.) ग्लासगो विद्यापीठात केमिस्ट्रीचे तास केले, पण खरं शिक्षण डिस्टिलऱ्यांत झालं. स्पेसाइडची लाँगमॉर्न, मग बोनेसला कॉफी (Coffey) नावाच्या उभ्या स्टिलवर ग्रेन म्हणजे इतर धान्यांची व्हिस्की, आणि १९२० मध्ये कॅम्पबेलटाउनच्या हेझलबर्नमध्ये काही महिने. हेझलबर्नचं सगळं त्याने वहीत उतरवून घेतलं, भांड्यांची मापं, आकृत्या, कामगारांचे पगारसुद्धा. त्या दोन वह्या त्याने परत आल्यावर आपला वरिष्ठ किइचिरो इवाई ह्याच्या हवाली केल्या, आणि मजा म्हणजे त्याच नोंदींच्या जिवावर पुढे इवाईने मार्स व्हिस्कीची भट्टी उभी केली. म्हणजे जपानी व्हिस्कीची जी दोनचार जुनी घराणी आहेत त्यातल्या तीन घराण्यांचं (सनटोरी, निक्का, मार्स) मूळ ह्या एका माणसापाशी जातं.

तिकडेच त्याने कर्किंटिलॉकच्या जेसी रोबर्टा कोवन, म्हणजे रीटाशी लग्न केलं, जानेवारी १९२० मध्ये, दोन्ही घरचा विरोध असताना. नोव्हेंबरात दोघं जपानला आली तर पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीने सेत्सु शुझोचं कंबरडं मोडलेलं, व्हिस्कीचा बेत गुंडाळलेला. पठ्ठ्या काही काळ शाळेत केमिस्ट्री शिकवत होता.

१९२३ मध्ये कोतोबुकियाच्या शिंजिरो तोरिईने त्याला दहा वर्षांच्या करारावर घेतलं. ही कोतोबुकिया म्हणजे आजची सनटोरी. क्योटो आणि ओसाकाच्या मध्ये यामाझाकीला जपानची पहिली मॉल्ट डिस्टिलरी त्याने उभी केली. १९२९ ला पहिली बाटली आली, शिरोफुदा, आणि ती आपटली, लोकांना धुराचा वास झेपलाच नाही. इथे दोघांच्या वाटा फुटायला सुरुवात झाली असं मला वाटतं. तोरिई धंदेवाईक माणूस, गिऱ्हाइकाच्या जिभेला जुळेल असं बनवू म्हणणारा, आणि त्यात चूक काहीच नाही, पुढे तो त्याच जोरावर जिंकला. ताकेत्सुरूचं म्हणणं होतं स्कॉटलंडसारखी करायची तर स्कॉटलंडसारखीच करायची. डिस्टिलरी कुठे काढायची ह्यावरही त्याचं मन जपानच्या उत्तरेच्या होक्काइदो बेटातच अडकलं होतं. थंडी, दमट समुद्री हवा, जवळ पीट (मॉल्ट वाळवताना जाळायचं दलदलीतलं इंधन, व्हिस्कीतला धूर ह्याचाच), जवळ कोळशाच्या खाणी, नदीचं पाणी. मोठ्या शहरांपासून लांब, हा त्यातला एकच तोटा, आणि तोरिईच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा.

करार संपल्यावर १९३४ मध्ये तो होक्काइदोच्या पश्चिम किनाऱ्यावर योइचीला गेला, जपान समुद्राच्या काठी, साप्पोरोपासून पन्नासेक किलोमीटर. पण व्हिस्की काढायची म्हणजे आधी पाचसहा वर्षं पैसे नुसते पिंपात भरून ठेवायचे, त्याला गुंतवणूकदार कुठून मिळणार? म्हणून कंपनी काढली ती सफरचंदाच्या रसाची, दाइ निप्पॉन काजू. योइची सफरचंदांसाठी नावाजलेलं गाव. रस शंभर टक्के शुद्ध, त्यामुळे महाग, त्यामुळे खपेना, बाटल्या गढूळ होऊन परतही आल्या. १९३६ ला पहिलं तांब्याचं भांडं बसलं, आणि सुरुवातीला त्या एकाच भांड्यात दोन्ही डिस्टिलेशनं करायची वेळ होती. पहिली व्हिस्की १९४० ला बाजारात आली, कंपनीच्या नावातल्या निप्पॉन आणि काजू ह्यांची पहिली अक्षरं जोडून निक्का. आणि लगेच युद्ध. कारखाना नौदलाच्या पुरवठ्यावर तगला, आणि त्याच काळात रीटावर, बाई परदेशी म्हणून, पोलिसांची पाळत होती. कंपनीचं नाव निक्का असं झालं ते १९५२ मध्ये.

पुढचं भरभर सांगतो. १९५४ पासून असाही (Asahi) ब्रुअरीज ह्या बिअर कंपनीचा पैसा आत आला, २००१ ला निक्का पूर्णपणे त्यांची झाली. १९६१ च्या जानेवारीत रीटा गेली, पुढच्या वर्षी सुपर निक्का ही बाटली आली. १९६९ ला सेंदाईजवळ मियागिक्यो उभी राहिली. ताकेत्सुरू १९७९ ला गेला, दोघांची कबर योइचीतच आहे. आणि १९८९ ला निक्काने स्कॉटलंडमधली बेन नेव्हिस डिस्टिलरीच विकत घेतली, शिष्याने गुरूच्या गावात घर घ्यावं तसा प्रकार.

कोळसा

योइचीत भांड्यांखाली आजही दगडी कोळसा जळतो. जगात आता जवळपास कुठेच हे होत नाही, खुद्द स्कॉटलंडमध्ये बहुतेकांनी कधीच वाफेची नळी बसवली, मोजक्या जागी गॅसची थेट आच उरलीय. वाफ स्वस्त पडते, आच एकसारखी राहते, माणूस लागत नाही. कोळशाला माणूस लागतो. भट्टीचं लोखंडी दार उघडायचं, फावड्याने कोळसा आत फेकायचा, तोही कुठेही नाही, जिथे निखारा बसलाय तिथे नेमका, दार बंद, आणि सातआठ मिनिटांनी परत तेच. कमी टाकला तर भांडं थंडावतं, जास्त टाकला तर आतला वॉश, म्हणजे आंबवलेलं मॉल्टचं पाणी, उतू जायला बघतो आणि फेस नळीत चढतो. हे सगळं आचेचा रंग आणि भांड्याचा आवाज ह्यावरून ठरवणारे लोक आहेत तिथे.

आता चवीशी ह्याचा संबंध. थेट आचेने तांब्याचा तळ काही जागी फार तापतो आणि वॉशमधली साखर, प्रथिनं, यीस्टचा गाळ तिथे किंचित लागतो, तेच ते भाजल्या-करपल्याचं मूळ. दुसरी गोष्ट भांड्याचा आकार. योइचीची मान सरळ आहे, कुठे फुगवटा नाही, आणि वरची नळी खाली झुकलेली. म्हणजे जड वाफ वर जाऊन परत खाली पडायच्या आधीच पलीकडे निसटते आणि स्पिरिट तेलकट, भरीव उतरतं. मियागिक्योत नेमकं उलटं: वाफेची मंद आच, मानेला फुगवटा, नळी वर चढती. जड ऐवज परत परत खाली पडतो, हलकं तेवढं पुढे जातं. सगळी जादू पाण्यात आणि हवेत असते हे ब्रोशरचं बोलणं, दोन ग्लास शेजारी ठेवलेत की कळतं किती गोष्टी भांड्यात ठरतात.

पीट पूर्वी तिथल्याच इशिकारी मैदानातलं जाळायचे, आता मॉल्ट बाहेरून येतं. हे ऐकून काही लोक हिरमुसतात, पण बऱ्याचशा डिस्टिलऱ्या, अगदी स्कॉटलंडमधल्याही, मॉल्ट विकतच आणतात.

कुठली बाटली

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण जुने लेख वाचले की त्यात योइची १०, १२, १५, २० अशी भरगच्च ओळ दिसते आणि दुकानात गेलं तर त्यातलं काहीच नाही. झालं असं. जपानमध्ये व्हिस्कीचा खप १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शिखरावर होता, मग पंचवीसेक वर्षं घसरतच गेला, लोक शोचू ह्या देशी दारूकडे वळले, आणि साहजिकच डिस्टिलऱ्यांनी पिंपं कमी भरली. मग २००८ च्या सुमारास सोडा हायबॉलची लाट आली. त्याच सुमारास बक्षिसं पण येत होती: २००१ मध्ये योइचीच्या १० वर्षांच्या सिंगल कास्कने (एकाच पिंपातली व्हिस्की) व्हिस्की मॅगझिनच्या चाचणीत सगळ्यांना मागे टाकलं होतं, २००८ मध्ये योइची १९८७ ला वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्कृष्ट सिंगल मॉल्ट ठरवलं. त्यावर कळस म्हणजे २०१४-१५ मध्ये एनएचके ह्या जपानी वाहिनीने ताकेत्सुरू आणि रीटाच्या आयुष्यावर सकाळची मालिका दाखवली आणि अख्खा जपान निक्का मागायला लागला. वीस वर्षांपूर्वी न भरलेली पिंपं आता कुठून आणणार? २०१५ मध्ये निक्काने वय लिहिलेल्या सगळ्या योइची आणि मियागिक्यो बंद करून टाकल्या, वय न लिहिलेली एकेक ठेवली. २०२० मध्ये निक्काच्याच ताकेत्सुरू नावाच्या व्हिस्कीच्या १७, २१, २५ वर्षांच्या बाटल्या पण गेल्या. २०२२ मध्ये योइची १० परत आली, पण थोडीच, आणि मिळाली तर अव्वाच्या सव्वा भावात.

माझं मत विचाराल तर आकड्याच्या नादी लागू नका. वय म्हणजे पिंपातली किमान वर्षं, बस, आणि ती वर्षं सगळीकडे सारखी नसतात. आपल्या गोव्यात पॉल जॉन व्हिस्की बनते, तिथल्या उकाड्यात पिंपातून दरवर्षी स्कॉटलंडच्या कितीतरी पट व्हिस्की उडून जाते आणि लाकूड पटापट उतरतं, तिथे पाचसहा वर्षांत जे होतं त्याला योइचीच्या बर्फात बराच जास्त काळ लागतो. तरीही वय न लिहिलेली योइची काही कच्ची नाही, तिच्यात लहान-मोठी पिंपं मिसळलेली असतात आणि कोळसा, धूर, मीठ सगळं आहे. जुन्या १५ ची खोली तिच्यात नाही हे मान्य, पण त्या १५ साठी लिलावात जी रक्कम मोजावी लागते त्यात जपानचं विमानाचं तिकीट येईल, मग तिकीटच काढा की.

बाकी निक्काच्या बाटल्यांत ताकेत्सुरू प्युअर मॉल्ट म्हणजे योइची आणि मियागिक्यो दोन्हींचं मिश्रण, मधला मार्ग. घरात कोणाला धूर सोसत नसेल तर ही घ्या. फ्रॉम द बॅरल म्हणजे १९८५ पासूनची चौकोनी बुटकी बाटली, ५०० मिलीची, ५१.४ टक्के, ब्लेंड (मॉल्ट आणि ग्रेन व्हिस्कीचं मिश्रण). मला स्वतःला पैसा वसूल म्हणून ही फार आवडते, पण एक लक्षात घ्या, ती आता जपानी व्हिस्कीच्या व्याख्येत बसत नाही.

ही व्याख्या काय भानगड आहे ते कळून घ्या, नाहीतर दुकानदार टोपी घालेल. जपानचा कायदा व्हिस्कीच्या बाबतीत ढिला आहे, परदेशातून टँकरने आणलेली व्हिस्की तिथे बाटलीत भरून वर सामुराई छापला तरी चालून जायचं. शेवटी तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्वतःचे नियम केले, जुन्या बाटल्यांना मार्च २०२४ पर्यंत मुदत दिली. जपानी व्हिस्की म्हणायचं तर मॉल्ट वापरलेलं हवं, पाणी जपानचं, मॅशिंगपासून (धान्य गरम पाण्यात भिजवण्यापासून) डिस्टिलेशनपर्यंत सगळं जपानमध्ये, लाकडी पिंपात निदान तीन वर्षं जपानमध्येच, बाटलीही तिथेच भरलेली आणि ४० टक्क्यांच्या खाली नाही. पण हे बंधन सभासदांपुरतं, कायदा नाही. निक्का स्वतः उघड सांगते की फ्रॉम द बॅरल ह्यात बसत नाही, योइची, मियागिक्यो, ताकेत्सुरू बसतात. हा प्रामाणिकपणा मला आवडला. तेव्हा कधी ऐकलं नाही असं जपानी नाव, मागे चेरीची फुलं, आणि डिस्टिलरीचं नाव लेबलवर कुठेच नाही, असं दिसलं की बाटली गपचूप परत ठेवा.

तिकडे जायचं तर

साप्पोरोहून ओतारू, ओतारूला गाडी बदलून योइची. ओतारूच्या पुढे गाड्या अगदी मोजक्या आहेत, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा. कारने जाण्यात फायदा नाही कारण चालवणाऱ्याला एक थेंबही मिळत नाही. जपानमध्ये हे फार कडक आहे, पिऊन चालवणाऱ्याबरोबर त्याला पाजणारा आणि शेजारी बसणारा पण अडकतो. स्टेशनातून बाहेर पडलात की दोनतीन मिनिटांवर दगडी कमान दिसते, तेच फाटक.

टूर फुकट असते पण आधी ऑनलाइन बुक करावी लागते आणि सुट्टीच्या दिवसांत जागा भराभर संपतात. साधारण सव्वा तासाची, माहिती जपानीत. शेवटी तीन छोटे ग्लास मिळतात, योइची, सुपर निक्का आणि अ‍ॅपल वाइन. लोक तिसऱ्याला नाकं मुरडतात, गोड आहे म्हणून, पण कंपनी ज्या सफरचंदांवर तगली त्यांच्याच वंशातली ती आहे, १९३८ पासून बनतेय, चाखून तर बघा.

टूरच्या आधी गर्दी नसेल तर भट्टीच्या इमारतीत जास्त वेळ काढा. तांब्याच्या भांड्यांच्या गळ्यात शिमेनावा बांधलेल्या दिसतील, भाताच्या पेंढ्याचा दोर आणि त्याला लटकलेले पांढऱ्या कागदाचे तुकडे, देवळात बांधतात तसे. साके बनवणाऱ्यांच्या घरची ही पद्धत ताकेत्सुरूने व्हिस्कीच्या भट्टीला आणली. स्कॉटिश भांडी आणि वर शिंतो दोर, एवढ्या एका दृश्यात त्या माणसाचं आख्खं चरित्र आलं. भट्टी रोज पेटलेली असेलच असं मात्र नाही, देखभालीसाठी बंदही असते, नशिबाचा भाग. पेटलेली असली तर कोळसा टाकणारा माणूस दोनतीनदा तरी दार उघडेपर्यंत हलू नका.

मग लाल छपराचा किल्न टॉवर (मॉल्ट वाळवायच्या भट्टीचा मनोरा) बाहेरून, ताकेत्सुरूचं घर, आणि मातीच्या जमिनीचं जुनं गोदाम. मातीची जमीन मुद्दाम ठेवलीय, ओल टिकते. इथल्या बऱ्याच इमारतींना २०२२ मध्ये जपान सरकारने महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिलाय. म्युझियममध्ये पैसे देऊन चाखायचा काउंटर आहे, टूरपेक्षा मी त्याला जास्त मार्क देईन, बाहेर सहसा न मिळणाऱ्या बाटल्या तिथे छोट्या मापात मिळतात. थंडीत गेलात तर बूट चांगले घाला, बर्फ गुडघाभर असतो.

संध्याकाळी साप्पोरोला सुसुकिनोच्या चौकात निक्काच्या जाहिरातीतला दाढीवाला राजा झगमगताना दिसेल, त्याच्या आसपासच्या बारमध्ये हाफ मागा, म्हणजे पंधरा मिली. जपानी बारवाले हाफ द्यायला कुरकुर करत नाहीत, आणि एका सिंगलच्या पैशात दोन जुन्या गोष्टी चाखून होतात. जपानमध्ये वयाची अट २० ची आहे.

घरी आणायचं गणित

भारतात येताना माणशी दोन लिटर ड्युटी फ्री. योइची ७०० मिलीची असते. तीन घेतल्यात तर २.१ लिटर होतात, त्या शंभर मिलीवरून कस्टमवाल्याशी हुज्जत घालायची वेळ येते. दोन ७०० च्या आणि एक फ्रॉम द बॅरल ५०० ची, १.९ लिटर, झालं काम. बाटल्या चेक-इनमध्ये, मध्ये कपडे गुंडाळून, हातातल्या बॅगेत फक्त सिक्युरिटीच्या पलीकडे घेतलेल्या. मुंबई-पुण्यात घरी बाटली ठेवताना परमिट आणि पंचविशीची अट आहे हे तुम्हाला माहीत असतंच, फक्त परमिट खरोखर काढलेलं असतं का हा वेगळा विषय.

इथे घेणार असाल तर आयात ड्युटी आणि राज्याचा टॅक्स मिळून बाटलीची किंमत तिकडच्या कितीतरी पट होते, म्हणूनच म्हटलं आधी थर्टी.

हायबॉल, पण नीट

योइचीचा हायबॉल करणं म्हणजे पाप असं काही लोक मानतात, मी नाही मानत. धूर सोड्यात फार छान उघडतो. उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरा, मोठे घट्ट खडे, फ्रीजरमधला भुसभुशीत चुरा नको. नुसता बर्फ चमच्याने फिरवून ग्लास गार करा, वितळलेलं पाणी ओतून टाका. मग एक भाग व्हिस्की, परत फिरवा. मग फ्रीजमधला कडक थंड सोडा, व्हिस्कीच्या तीन ते साडेतीन पट, बर्फावर न आपटता कडेने सोडायचा, आणि शेवटी चमचा तळाला घालून एकदाच वर उचलायचा. ढवळत बसलात तर गॅस गेला. लिंबू पिळू नका, फार तर सालीचा एक तुकडा. चखण्याला खारे शेंगदाणे नाहीतर भाजलेला सुका बोंबील, मसाला पापड आणि शेजवान चटणी लांबच ठेवा, योइचीतलं मीठ त्यांच्यासमोर बिचारं गप्प बसतं.

उरलेली बाटली उभीच ठेवा, आडवी नाही, बूच अल्कोहोलने कुजतं. खिडकीच्या उन्हात नको आणि गॅसच्या वरच्या कपाटात तर मुळीच नको. अर्ध्याखाली गेली की आत हवा जास्त होते आणि धूर हळूहळू मंदावतो, तेव्हा उरलेली एखाद्या छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा नाहीतर सहाआठ महिन्यांत संपवून टाका.